क्युरींचे तत्त्व आणि नांबूंची शंका

1894 साली पिएर क्युरी पॅरिसच्या औद्योगिक भौतिकी व रसायन विद्यालयात शिकवत होते. रेडियम अजून चार वर्षे दूर होते. तोवर त्यांची ओळख होती ती स्फटिकांचे अभ्यासक म्हणून. 1880 मध्ये थोरले भाऊ झाक यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिले होते की काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्भार उमटतो. कोणत्या स्फटिकात तो उमटेल आणि कोणत्यात मुळीच उमटणार नाही, हे स्फटिकाची सममिती पाहून सांगता येत असे. याच अनुभवाच्या जोरावर 1894 मध्ये त्यांनी भौतिक घटनांमधील सममितीवर एक निबंध लिहिला आणि त्यात एक तत्त्व मांडले: कारणांत जी सममिती असेल ती परिणामांत उतरलीच पाहिजे, आणि परिणामांत असममिती दिसली तर ती कारणांत आधीपासून असलीच पाहिजे. मराठीत हे तत्त्व निबंधाशिवायही सर्वांना ठाऊक आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? गंमत अशी की पुढच्याच वर्षी क्युरींनी चुंबकत्वावरचा आपला प्रबंध सादर केला आणि त्यात ज्या घटनेचा बारकाईने अभ्यास केला, ती या तत्त्वाच्या मुळावरच उठणारी वाटते. लोखंड सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याचे कायमचे चुंबकत्व नाहीसे होते. या तापमानाला आज क्युरी तापमान म्हणतात. आता तेच लोखंड थंड होऊ द्या. अणूंना एकमेकांच्या दिशेत वळवणारे जे मुख्य बल आहे त्याला अवकाशातली कोणतीही दिशा लाडकी नाही, तरीही थंड होताना अणूंचे चुंबक कोणत्या तरी एका दिशेला रांगेने उभे राहतात. ही दिशा आडात नव्हती. ती पोहऱ्यात आली कुठून?

विसाव्या शतकातल्या भौतिकीने या प्रश्नाला ‘उत्स्फूर्त सममितीभंग’ असे नाव दिले. लोकप्रिय पुस्तकांतून त्याची कथा बहुधा अशी सांगितली जाते: नियम सममित असतात, निसर्ग अकारण एक बाजू निवडतो आणि क्युरींचे तत्त्व कोलमडते. मला ही कथा पटत नाही. 1950 ते 1964 या काळातल्या घडामोडी नीट पाहिल्या तर क्युरींचे तत्त्व पडलेले दिसत नाही. त्यातला ‘कारण’ हा शब्द किती ढिला होता, एवढे मात्र उघडे पडते. आणि ‘भंग’ हा शब्दही, विशेषतः ज्या ठिकाणी तो सर्वांत जास्त गाजला तिथे, दिशाभूल करणारा आहे.

जुन्या भौतिकीपुरता हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. ग्रीक विचारवंत ॲनाक्झिमँडर याने पृथ्वी अधांतरी स्थिर का, याचे उत्तर असे दिले होते की ती मध्यभागी आहे आणि एका बाजूला सरकावे असे कोणतेही कारण तिला नाही. दोन सारख्या भाऱ्यांमध्ये उभे राहून उपाशी मरणारे गाढव बुरिदानच्या नावावर खपते, त्याच्या लेखनात ते सापडत नसले तरी. 1744 मध्ये ऑयलरने उभ्या खांबाचे गणित मांडले: वरून भार वाढवत नेला की एका मर्यादेनंतर सरळ खांब अस्थिर होतो आणि कोणत्या तरी बाजूला वाकतो. क्युरींचा पाठीराखा इथे सहज म्हणेल की खांब ज्या बाजूला वाकला तिकडे काहीतरी होतेच. लोखंडातला एखादा दोष, वाऱ्याची झुळूक, भाराचा केसभर कल. त्याचे म्हणणे बरोबर आहे. समीकरणात आणि सुरुवातीच्या स्थितीत काटेकोर सममिती असेल तर उत्तरही काटेकोर सममितच राहते, फक्त ते अस्थिर असते. खरा खांब कधीच काटेकोर सममित नसतो. म्हणजे तत्त्व शाबूत राहते. फक्त कारण परिणामाच्या तुलनेत अतिक्षुद्र असू शकते, एवढे मान्य करावे लागते.

पुंजसिद्धांताने हा सोपा समझोता मोडला, आणि तोही अनपेक्षित बाजूने. पुंजजगतात गाढवाला उपाशी मरण्याची गरज नाही, तसेच एक भारा निवडण्याचीही नाही. ते दोन्ही भाऱ्यांपाशी एकाच वेळी असू शकते. डावी अवस्था आणि उजवी अवस्था यांचे सममित अध्यारोपण ही तिसरी, पूर्ण वैध अवस्था असते. एवढेच नव्हे, दोन खळगे आणि मध्ये टेकाड असलेल्या साध्या प्रणालीत किमान ऊर्जेची अवस्था नेमकी तीच असते. म्हणजे इथे सममिती टिकणे हा नियम, आणि मोडलेली दिसणे हेच कोडे. फ्रीडरिश हुंड यांना हे 1927 मध्येच जाणवले. अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनचा अणू तीन हायड्रोजनच्या प्रतलाच्या एका बाजूला असतो, पण तो पलीकडे पार होतो आणि परत येतो, सेकंदाला सुमारे 2400 कोटी वेळा. रेणूच्या किमान ऊर्जेच्या अवस्थेत ‘या बाजूला’ किंवा ‘त्या बाजूला’ असे काही उरतच नाही. मग साखरेचा रेणू उजवा म्हणून उजवाच का राहतो? पाश्चरने 1848 मध्ये टार्टरिक आम्लाच्या क्षारांचे डावे-उजवे स्फटिक वेगळे केले होते; ते बाटलीत पडून राहिल्याने एकमेकांत मिसळून गेले नाहीत. हुंड यांचे उत्तर होते वेळेचे: मोठ्या रेणूंत पलीकडे पार व्हायला लागणारा काळ कल्पनेच्या बाहेर वाढतो. नियम तेच, समीकरण तेच. पण रेणू मोठा झाला की समीकरणाने मान्य केलेली सममित अवस्था व्यवहारात कधी गाठलीच जात नाही.

ही गोष्ट केवळ रेणूंपुरती असती तर तत्त्वज्ञानाला तिची फार दखल घ्यावी लागली नसती. पण 1930 च्या दशकात लुई नील यांनी असे पदार्थ कल्पिले ज्यांत शेजारशेजारच्या अणूंचे चुंबक आळीपाळीने वर-खाली असे उभे असतात. पुंजसिद्धांताच्या जाणकारांना हे चित्र खटकले, आणि खटकण्यासारखेच होते. लोहचुंबकात सगळे बाण एका दिशेला असलेली अवस्था ही समीकरणाची काटेकोर उकल असते. नील यांची आळीपाळीची अवस्था ती मुळीच नसते. मोजक्या अणूंच्या अशा स्फटिकाची खरी किमान ऊर्जेची अवस्था एकच असते आणि ती पूर्णपणे सममित असते, म्हणजे तिच्यात कोणताही अणू वरही नाही आणि खालीही नाही. कागदावर नील चुकलेले दिसत होते. 1949 मध्ये शल आणि स्मार्ट यांनी ओक रिज येथे मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनांचा झोत सोडला. थंड स्फटिकातून परतलेल्या न्यूट्रॉनांनी आळीपाळीच्या मांडणीची खूण स्पष्ट दाखवली. पुढे 1952 मध्ये फिलिप अँडरसन यांनी हा तिढा सोडवला, आणि माझ्या मते उत्स्फूर्त सममितीभंगाची तात्त्विक किल्ली याच निबंधात आहे, जरी गाजले ते नंतरचे निबंध. त्यांनी दाखवले की सममित अवस्थेच्या अगदी लगत अनेक अवस्था दाटीने बसलेल्या असतात आणि स्फटिक जितका मोठा तितके त्यांच्यातले ऊर्जेचे अंतर कमी होत जाते. त्या एकत्र गुंफल्या की ठराविक दिशेची, नील यांनी म्हटली तशी अवस्था तयार होते. ती काटेकोर अर्थाने स्थिर नाही, पण ती दिशा विसरायला मोठ्या स्फटिकाला इतका काळ लागतो की तो लागतच नाही म्हटले तरी चालेल.

पाच वर्षांनी शिकागोत याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले. 1957 मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी अतिसंवाहकतेचा सिद्धांत मांडला. त्याचा निबंध प्रसिद्ध होण्याआधीच श्रीफर शिकागो विद्यापीठात व्याख्यान द्यायला आले. श्रोत्यांत योइचिरो नांबू होते. त्यांना सिद्धांताचे धाडस आवडले आणि त्याच वेळी एक गोष्ट टोचली. सिद्धांतातल्या तरंगफलात इलेक्ट्रॉनांची संख्या निश्चित नव्हती. इलेक्ट्रॉनांची संख्या म्हणजे विद्युत्भार, आणि विद्युत्भार अक्षय्य असतो हा नियम भौतिकीत मोडता येत नाही. गेज सममिती म्हणतात ती याच नियमाची दुसरी बाजू. धातूच्या तुकड्यात किती इलेक्ट्रॉन आहेत हे तुकड्यालाच माहीत नाही, असे मानून बरोबर उत्तरे कशी येतात? बहुतेकांनी ही सोयीची तडजोड म्हणून सोडून दिली असती. नांबूंनी तिच्यावर सुमारे दोन वर्षे खर्च केली. बोगोल्युबॉव्ह आणि अँडरसन हेही त्याच दिशेने चालले होते. 1960 मध्ये नांबूंनी जे दाखवले त्याचे सार असे: तरंगफलाने मोडलेला भासणारा नियम अतिसंवाहकातल्या सामूहिक लहरी भरून काढतात, सगळा हिशेब एकत्र मांडला की विद्युत्भाराची पै न पै जुळते. समीकरणांतली सममिती कुठेही गेलेली नसते. आपण निवडलेल्या अवस्थेवरून ती दिसत नाही, एवढेच.

नांबूंची खरी झेप याच्या पुढची होती. अतिसंवाहकातल्या उत्तेजनांचे समीकरण आणि वस्तुमान असलेल्या इलेक्ट्रॉनाचे डिरॅक समीकरण यांचा सांगाडा सारखा आहे हे त्यांच्या लक्षात आले: तिथे जी ऊर्जेतली फट, ती इथे वस्तुमान. मग प्रोटॉनाचे वस्तुमान हीसुद्धा अशीच फट असेल का, आणि आपण ज्याला निर्वात म्हणतो ती अतिसंवाहकासारखी भरलेली अवस्था असेल का? रोमहून आलेल्या जोव्हानी योना-लासिनिओ या तरुण सहकाऱ्यासोबत 1961 मध्ये त्यांनी हे प्रतिमान मांडले. त्यातून पायॉन या कणाचे एक जुने गूढ उलगडले: प्रोटॉनाच्या जवळजवळ एक-सप्तमांश इतकेच त्याचे वस्तुमान का, याचे उत्तर असे की मूळ सममिती काटेकोर असती तर ते शून्यच झाले असते. त्याच वर्षी जेफ्री गोल्डस्टोन यांनी सर्वसाधारण नियम सुचवला आणि 1962 मध्ये अब्दुस सलाम व स्टीव्हन वाइनबर्ग यांच्यासोबत तो सिद्ध केला: अखंड सममिती अशा रीतीने दडली की वस्तुमान नसलेला कण निघालाच पाहिजे. असे कण तर प्रयोगांत कुठे दिसत नव्हते. वाइनबर्ग इतके निराश झाले की शून्यातून शून्यच निघते अशा अर्थाचे लिअर राजाचे उद्गार त्यांनी निबंधाच्या माथ्यावर टाकले होते; नियतकालिकाच्या संपादकांनी ते काढून टाकले, असे त्यांनीच 1979 च्या नोबेल व्याख्यानात सांगितले. क्युरींचे तत्त्वच एका अर्थाने शेक्सपियरच्या तोंडून परत आले होते.

इथे थांबून तत्त्वाचा हिशेब करायला हवा. क्युरींनी ‘कारण’ म्हणताना नियम आणि अवस्था यांत फरक केला नव्हता. नांबू आणि गोल्डस्टोन यांच्या कामाने तो करावा लागला. नियम सममित आहेत. निर्वाताची अवस्था सममित नाही. आणि परिणाम त्या दोहोंतून येतात. अवस्थाही कारणांत मोजली तर पोहऱ्यात जे आले ते आडातच होते. यावर कोणी म्हणेल की ही पळवाट झाली, कारण असममित निर्वात कुठून आले हा प्रश्न फक्त एक पायरी मागे ढकलला गेला. आक्षेप योग्य आहे, पण पुंजसिद्धांतात त्या पायरीला काहीतरी भरीव उत्तर आहे. मोजक्या स्वातंत्र्यमात्रांच्या प्रणालीत सगळी गणिती वर्णने मुळात एकच असतात, हे स्टोन आणि फॉन नॉयमन यांनी 1931 च्या सुमारास दाखवले होते. म्हणून तिथे अध्यारोपण नेहमी शक्य असते. स्वातंत्र्यमात्रा अनंत झाल्या की ही हमी जाते. 1962 मध्ये रुडॉल्फ हाग यांनी अतिसंवाहकतेच्या प्रतिमानावर हे उलगडून दाखवले: वेगवेगळी निर्वाते वेगवेगळ्या, एकमेकांत न रूपांतरित होणाऱ्या गणिती जगांत राहतात, आणि एका जागी केलेली कोणतीही क्रिया एका जगातून दुसऱ्यात नेऊ शकत नाही. गाढवाला दोन्ही भाऱ्यांपाशी एकाच वेळी राहू देणारी वाट इथे बंद होते.

पण जगात अनंत काहीच नाही. लोखंडाचा तुकडा मोजता येतो, अतिसंवाहक तार कापता येते. तत्त्वज्ञ जॉन अर्मन यांनी नेमके इथेच बोट ठेवले: एखादा परिणाम केवळ आदर्शीकरणातच दिसत असेल आणि ते काढताच नाहीसा होत असेल, तर त्याला खरा परिणाम मानू नये. हा आक्षेप माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत जड आहे, आणि त्याला ‘अनंत म्हणजे खूप मोठे’ असे म्हणून वाटेला लावता येत नाही. उत्तर शोधायचे तर सान्त प्रणालींतच काय दिसते ते पाहायला हवे. अतिसंवाहकता किती लहान कणापर्यंत टिकेल, हा प्रश्न अँडरसन यांनी 1959 मध्येच विचारला होता. 1990 च्या दशकात हार्वर्डमध्ये राल्फ, ब्लॅक आणि टिंकहॅम यांनी काही नॅनोमीटरच्या ॲल्युमिनियम कणांतले ऊर्जास्तर एकेक करून मोजले. तिथे इलेक्ट्रॉनांची संख्या पूर्णपणे ठरलेली असते, सम की विषम हेही कळते, तरीही जोड्यांमुळे पडणारी फट दिसते. कण आणखी लहान केला आणि स्तरांतले अंतर त्या फटीएवढे झाले की ती ओळखू येत नाही. म्हणजे अनंतात जी गोष्ट धारदार दिसते तीच सान्त वस्तूत हळूहळू आकार घेताना पकडता येते. दुसरे उत्तर गणितातून आले. दोन खळग्यांची प्रणाली जसजशी अभिजात भौतिकीच्या जवळ जाते तसतसा तिच्या सममित आणि प्रतिसममित अवस्थांतला ऊर्जेचा फरक इतका घटतो की कुठल्याशा कोपऱ्यातला नगण्य असमतोलही किमान ऊर्जेच्या अवस्थेला एका खळग्यात ढकलतो. 1981 मध्ये मार्टिनेली आणि स्कोप्पोला यांच्यासह हे दाखवणारे योना-लासिनिओच होते, नांबूंचे तेच जुने सहकारी. बॅरी सायमन यांनी पुढे या परिणामाला हत्तीवरची पिसू म्हटले. क्लास लँड्समन यांनी 2013 मध्ये अर्मन यांच्या आक्षेपाला दिलेले उत्तर याच पिसवेवर उभे आहे. मला ते पटते, कारण त्यात क्युरींनाही त्यांचे देणे मिळते: कारण लहान असेल, पण आहे. फक्त एक गोष्ट त्यात अजून अपुरी आहे. पिसू अवस्था कोणती असेल ते सांगते. प्रणाली तिथे पोचते कशी, हे सांगत नाही, आणि तो प्रश्न श्रोडिंगरच्या मांजराच्या घरापर्यंत जातो.

1964 च्या घटना त्यामानाने थोडक्यात सांगता येतात, कारण त्या सर्वांना माहीत आहेत. अतिसंवाहकात गोल्डस्टोनचा वस्तुमानरहित कण का दिसत नाही, हे अँडरसन यांनी 1963 मध्ये सांगितले होते: विद्युत्चुंबकीय क्षेत्र त्याला पोटात घेते आणि स्वतः वस्तुमान मिळवते. सापेक्षतेच्या चौकटीत ही युक्ती चालणार नाही, असा युक्तिवाद वॉल्टर गिल्बर्ट यांनी केला. हेच गिल्बर्ट पुढे जीवशास्त्राकडे वळले आणि 1980 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल घेऊन गेले. रॉबर्ट ब्राऊट आणि फ्रान्स्वा आंग्लेर यांनी ऑगस्टमध्ये, पीटर हिग्ज यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि गुराल्निक, हेगन व किबल यांनी नोव्हेंबरमध्ये ती युक्ती चालते हे दाखवले. हिग्ज यांचा दुसरा निबंध आधी एका नियतकालिकाने परत केला होता. त्यात एका जड कणाचा उल्लेख जोडून त्यांनी तो दुसरीकडे पाठवला, आणि तिथे तो तपासणारे परीक्षक नांबू होते.

इथेच माझा ‘भंग’ या शब्दावरचा मुख्य आक्षेप येतो. लोखंडातली दिशा ही खरी आहे. तुकडा फिरवला तर होकायंत्राची सुई हलते. गेज सममिती तशी नाही. ती एकाच भौतिक परिस्थितीची अनेक वर्णने करण्याची मुभा आहे, आणि वर्णनांमधली मुभा ‘मोडली’ म्हणणे म्हणजे एकाच गावाला जाणाऱ्या रस्त्यांपैकी नकाशात एकच काढला म्हणून बाकीचे नष्ट झाले म्हणण्यासारखे आहे. 1975 मध्ये शमुएल एलित्झूर यांनी हे सिद्धच केले की स्थानिक गेज सममिती उत्स्फूर्तपणे मोडू शकत नाही. कोणी विचारेल, मग वस्तुमान आले कुठून? गेजवर अवलंबून नसलेल्या राशींतच सगळा हिशेब मांडता येतो, हे 1981 मध्ये फ्रॉलिख, मोर्चिओ आणि स्ट्रोक्की यांनी दाखवले. त्यात वस्तुमान येते आणि कोणतीही सममिती मोडावी लागत नाही. भंगाची भाषा चुकीची उत्तरे देत नाही, म्हणूनच ती टिकली. ती अतिसंवाहकाच्या वाटेने आली आणि वाट संपल्यावरही सोबत राहिली. सिडनी कोलमन यांनी 1973 च्या एरिचे येथील व्याख्यानांना ‘गुप्त सममिती’ असे नाव दिले होते. ते जास्त अचूक होते, पण रूढ झाले नाही.

4 जुलै 2012 रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज यांनी उल्लेखलेल्या जड कणाशी जुळणाऱ्या, सुमारे 125 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाच्या नव्या कणाची घोषणा केली. तो पकडणाऱ्या दोन यंत्रणांपैकी सीएमएसच्या बाह्य उष्मामापीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा होता. ब्राऊट त्याच्या सुमारे वर्षभर आधीच निवर्तले होते. 2013 चे नोबेल आंग्लेर आणि हिग्ज यांना मिळाले. नांबूंचा सन्मान पाच वर्षे आधी झाला होता. 8 डिसेंबर 2008 रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे नोबेल व्याख्यान झाले, पण 87 वर्षांचे नांबू तिथे गेले नव्हते. त्यांच्या जागी ते योना-लासिनिओ यांनी दिले.